नाव ‘पोलो’, गाव शिरूर

महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे एकाहून अधिक आहेत. पुणे जिल्ह्यात घोडनदीचे शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहेत, आणि बीड जिल्ह्यात सिंदफणेच्या काठी शिरूर कासार आहे. एकाच नावाची गावे ओळखू यावीत म्हणून लोकांनीच शेजारी दुसरा शब्द ठेवला. कोठे तो एखाद्या माणसाची आठवण सांगतो, कोठे नदीची, तर कोठे भांड्यांचा नि बांगड्यांचा धंदा करणाऱ्या कासारांची. पत्र योग्य घरी जावे, सोयरीक योग्य गावी व्हावी, बाजारकऱ्याने वाट चुकू नये, एवढाच या नामकरणाचा हेतू. लोक नाव देतात ते ओळख पटावी म्हणून. राज्यसंस्थाही नावे देते, पण तिच्या नामकरणाचा एक भाग असा आहे की ज्यात नाव दिले जाते ते ओळख पटू नये म्हणून. शिरूर कासारच्या माणसाला या दुसऱ्या प्रकारच्या नावाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे. कारण १९४८ सालच्या सप्टेंबरात या गावाचे राज्य बदलले, ते अशाच एका नावाखाली.

शिरूर कासार तेव्हा निझामाच्या राज्याच्या पश्चिम टोकाला होते. हद्द ओलांडली की पाथर्डीचा मुलूख, आणि तेथे १९४७ च्या ऑगस्टमध्ये तिरंगा लागलेला. अलीकडे मात्र आसफजाही झेंडा, कासीम रझवीचे रझाकार आणि रोजची धास्ती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला. पुढे तेरा महिने मराठवाड्याने जो लढा दिला, त्याचे तळ हद्दीबाहेर सोलापूर-नगरपासून विदर्भापर्यंत पसरलेल्या छावण्यांत होते. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निझामाने शरणागती जाहीर केली, आणि दुसऱ्या दिवशी जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा लागतो तो याच घटनेच्या स्मरणार्थ. तो दिवस अभिमानाचा आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

पण या घटनेला दोन सरकारी नावे होती, आणि दोन्ही नावे वस्तुस्थितीपासून दूर होती. लष्कराच्या कागदांत तिचे नाव होते ‘ऑपरेशन पोलो’. हैदराबादेत पोलोची मैदाने फार, म्हणून हे नाव पडले असे सांगितले जाते. सोलापूरकडून निघालेल्या दलांना ‘स्ट्राइक’, ‘स्मॅश’, ‘किल’ आणि ‘वीर’ अशी नावे दिलेली होती. म्हणजे प्रहार करणारे, चुरडणारे, ठार मारणारे आणि शूर. जगाला आणि जनतेला मात्र जे नाव सांगण्यात आले ते होते ‘पोलीस कारवाई’. रणगाडे, तोफखाना आणि विमाने घेऊन गेलेल्या सैन्याच्या मोहिमेला पोलिसांचे नाव! संरक्षण खात्याच्या इतिहास विभागाने १९७२ साली या मोहिमेचा अधिकृत इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या मथळ्यावरही ‘ऑपरेशन पोलो’ आणि ‘पोलीस ॲक्शन’ ही दोन्ही नावे एकाशेजारी एक होती. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या तोंडी आजही ‘ॲक्शन’ हाच शब्द आहे. ‘ॲक्शनच्या आधी’, ‘ॲक्शनच्या नंतर’ असे ती माणसे काळ मोजत.

हे दुसरे नाव का घ्यावे लागले, याला कारण होते. निझामाने २१ ऑगस्ट १९४८ रोजी आपली तक्रार सुरक्षा परिषदेकडे तारेने पाठविली होती, आणि १६ सप्टेंबरला, फौजा वाटेत असतानाच, तिच्यावर चर्चा सुरू झाली. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र नाही, हा भारताचा अंतर्गत प्रश्न आहे, ही भारताची भूमिका होती आणि ती न्याय्य होती. युद्ध परराष्ट्राशी होते, घरातील बंडाळी पोलीस मोडतात, म्हणून हा शब्द निवडला गेला. परंतु शब्द एकट्याने येत नाहीत. नेमका हाच शब्द त्या सुमारास डच साम्राज्यशाही इंडोनेशियात वापरीत होती. १९४७ च्या जुलैत डच सैन्याने जावा-सुमात्रावर चढाई केली, तिला जाहीर नाव ‘पोलीस कारवाई’ आणि सांकेतिक नाव ‘प्रॉडक्ट’, म्हणजे उत्पादन. मळे आणि तेलक्षेत्रे ताब्यात घ्यायची होती, आणि नावानेच पोटातले ओठावर आणले. १९४८ च्या डिसेंबरात दुसरी चढाई झाली तिचे नाव ‘क्राय’, म्हणजे कावळा. पहिल्या चढाईविरुद्ध भारताने सुरक्षा परिषदेचे दार ठोठावले, आणि दुसरीविरुद्ध जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत आशियाई राष्ट्रांची परिषद भरविली. हैदराबाद आणि जाकार्ता यांची तुलना होऊ शकत नाही. एके ठिकाणी जनता सरंजामी जोखड झुगारीत होती, दुसरीकडे परकी सत्ता ते पुन्हा लादीत होती. तरी दोन्हीकडे शब्द मात्र एकच होता. १९५० साली कोरियात अमेरिकी सैन्य उतरले, तेव्हा अध्यक्ष ट्रूमन यांनाही हाच शब्द सोयीचा वाटला. शब्द इतका सोयीचा का ठरतो, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

गुप्त कारवायांना नावे देण्याचेही एक शास्त्र आहे, आणि ते समजून घेणे कार्यकर्त्याला अनावश्यक नाही. त्याचा पहिला नियम असा की नावाचा आणि कामाचा काही संबंध दिसू नये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये यासाठी शब्दांच्या याद्या तयार ठेवलेल्या असत. खात्याने मागणी केली की यादीतील पुढचा शब्द मिळे, आणि कोणता शब्द कोणाला दिला याची नोंद एका मध्यवर्ती मंडळाकडे राही. जर्मन हा नियम वारंवार मोडीत. विमानांना मार्ग दाखविणाऱ्या एका यंत्रणेला त्यांनी ‘वोटान’ असे नाव दिले. वोटान हा जर्मन पुराणांतील एकाक्ष देव. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी १९४० साली त्या एका डोळ्यावरून ताडले की यंत्रणा एकाच किरणशलाकेवर चालत असली पाहिजे, आणि त्यांचा तर्क बरोबर ठरला. या कसोटीवर ‘पोलो’ हे नावही कच्चेच म्हणावे लागेल. पोलोच्या मैदानांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरावरील मोहिमेला तेच नाव देणे, म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली दारातच टांगण्यासारखे.

दुसरा नियम चर्चिल यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये आपल्या टिपणात घालून दिला. ज्या मोहिमेत पुष्कळ माणसे मरणार आहेत, तिला बढाईखोर नाव देऊ नये आणि थिल्लर नावही देऊ नये. एखाद्या विधवेला किंवा आईला आपला माणूस कोणत्या मोहिमेत पडला हे सांगताना लाज वाटेल, असे नाव नसावे. साम्राज्यवादी चर्चिल यांच्याविषयी समाजवाद्यांना प्रेम वाटण्याचे कारण नाही. बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मरत होती ते हेच वर्ष. तरीही या टिपणात एक जाणीव आहे: मोहिमेचे नाव सेनापतीचे नसते, ते मेलेल्या माणसाच्या घरी पोचते. हा विचार ब्रिटिश आईपुरता मर्यादित राहिला, ही त्यातली उणीव. ज्याच्यावर बाँब पडतो त्याच्या आईला तो नियम लागू नव्हता.

तिसरी पद्धत वर्गीकरणाची. युद्धोत्तर ब्रिटनने शस्त्रास्त्रांसाठी एक रंग आणि एक नाम जोडण्याची रीत काढली. तिच्यातून ब्रिटिश सैन्यात दाखल झालेल्या पहिल्या अणुबाँबला ‘ब्लू डॅन्यूब’ हे नाव मिळाले. निळ्या नदीचे, नृत्यसंगीताचे नाव, आणि आत सबंध शहर भाजून काढणारी शक्ती! अमेरिकेच्या सीआयएने याहून शिस्तशीर व्यवस्था केली. तिच्या संकेतनामांच्या आरंभी दोन अक्षरे असत आणि ती अक्षरे देश किंवा विभाग दाखवीत. ‘टीपी’ म्हणजे इराण, ‘पीबी’ म्हणजे ग्वाटेमाला, ‘एएम’ म्हणजे क्यूबा, ‘एमके’ म्हणजे तांत्रिक विभाग. इराणच्या तेलाचे राष्ट्रीयीकरण करणाऱ्या मोसादेक यांचे सरकार १९५३ साली उलथण्यात आले ती कारवाई ‘टीपीएजॅक्स’. ग्वाटेमालात युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना वाटणाऱ्या आर्बेन्झ यांना १९५४ साली हटविण्यात आले ती ‘पीबीसक्सेस’. माणसांवर त्यांच्या नकळत मादक द्रव्यांचे प्रयोग करण्यात आले ते ‘एमकेअल्ट्रा’. कोणत्याही कारकुनाने फाईल चाळली तर त्याला दिसणार फक्त अक्षरे. तेल दिसणार नाही, केळीचे मळे दिसणार नाहीत, माणूस दिसणार नाही. दुष्कृत्य करणाऱ्याला ते दुष्कृत्य वाटू नये यासाठी जी अनेक साधने नोकरशाहीने निर्माण केली, त्यांतले हे एक प्रभावी साधन आहे.

परंतु वर्गीकरणाचा एक गुण असा की ते लपविणाऱ्यालाच एक दिवस उघडे पाडते. ‘एमकेअल्ट्रा’चे बहुतेक कागद १९७३ साली सीआयएच्या प्रमुखाच्या हुकमाने नष्ट करण्यात आले. पण पैशाच्या हिशेबाचे सुमारे २० हजार कागद निराळ्या कपाटात निराळ्या शीर्षकाखाली पडून राहिले, आणि ते १९७७ साली सापडले. जेथे हिशेब ठेवावा लागतो, तेथे सत्य पूर्णपणे पुसता येत नाही. दोन अक्षरांची किल्ली एकदा हाती आली की अभ्यासकांना शेकडो कागद वाचता आले. ग्वाटेमालाचे कागद १९९७ पासून बाहेर येऊ लागले, आणि इराणमधील आपला हात सीआयएने २०१३ साली कबूल केला. साठ वर्षांनी मिळालेला न्याय हा न्याय नव्हे, हे खरे. तरी यादी ठेवणारी सत्ता आणि यादीच न ठेवणारी सत्ता यांत फरक आहे, आणि तो लोकशाहीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

नावाचा चौथा उपयोग अमेरिकेने व्हिएतनाममध्ये शोधून काढला. १९६६ च्या जानेवारीत बिन्ह दिन्ह प्रांतात सुरू झालेल्या मोहिमेचे नाव होते ‘मॅशर’, म्हणजे चेचून काढणारा. ते वर्तमानपत्रांत बरे दिसणार नाही म्हणून अध्यक्ष जॉन्सन नाराज झाले, आणि मोहीम चालू असतानाच तिचे नाव बदलून ‘व्हाइट विंग’, म्हणजे शुभ्र पंख, असे करण्यात आले. नाव बदलले, तोफा बदलल्या नाहीत. जी खेडी ‘मॅशर’खाली जळत होती ती शुभ्र पंखांच्या सावलीत जळू लागली. या अनुभवातून शहाणे होऊन १९७५ साली अमेरिकी लष्कराने नावांचा संगणकीय व्यवहार सुरू केला. प्रत्येक कमांडला आद्याक्षरांचे गट वाटून देण्यात आले, गुप्त संकेतशब्द वेगळा आणि जाहीर टोपणनाव वेगळे, अशी काटेकोर विभागणी झाली. पण १९८९ साली पनामावर चढाई झाली तेव्हा तिचे नाव ‘जस्ट कॉज’, म्हणजे न्याय्य कार्य, असे ठेवण्यात आले. संकेतनामाने लपण्याचे काम सोडले आणि ते प्रचाराला जुंपले गेले. चढाईविषयी बोलायचे तर नाव घ्यावे लागणार, आणि नाव घेतले की ती न्याय्य असल्याचे मान्य केल्यासारखे होणार.

भारताच्या नावांकडे या प्रकाशात पाहिले पाहिजे. गोव्याच्या मुक्तीपूर्वी नौदलाने किनाऱ्यावर टेहळणी केली ती ‘ऑपरेशन चटणी’, आणि १९६१ च्या डिसेंबरात प्रत्यक्ष मुक्ती झाली ती ‘ऑपरेशन विजय’. पहिले नाव गमतीचे, दुसरे निकाल आधीच सांगणारे. १९७१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बंगाल, बिहार आणि ओरिसाच्या सीमाभागात नक्षलवाद्यांविरुद्ध लष्कर आणि पोलीस यांनी मिळून कारवाई केली, तिचे नाव ‘स्टीपलचेस’. ही अडथळ्यांची घोड्यांची शर्यत. हैदराबादसाठी पोलो, भूमिहीनांच्या मुलांसाठी स्टीपलचेस. दोन्ही खेळ घोड्यावर बसणाऱ्यांचे, आणि दोन्हींत जमिनीवर कोण असतो याचा उल्लेख नसतो. स्वातंत्र्योत्तर सैन्याच्या अधिकारी वर्गाने साहेबाच्या क्लबातून जो शब्दसंग्रह घेतला, त्याचा हा पुरावा. १९७४ साली पोखरणचा अणुस्फोट झाला आणि तो ‘हसरा बुद्ध’ या नावाने ओळखला गेला. ज्या महाराष्ट्रात १९५६ साली डॉ. आंबेडकरांसह लक्षावधी दलितांनी करुणेचा म्हणून बुद्ध स्वीकारला, त्या महाराष्ट्राला हे नाव बोचायला हवे होते. १९८४ साली सुवर्णमंदिरात ‘ब्लू स्टार’ झाले, पाठोपाठ पंजाबच्या खेड्यांतून ‘वुडरोज’ नावाने तरुणांची धरपकड झाली. १९८७ साली मणिपूरच्या ओइनाम परिसरात नागा खेड्यांवर जे गुदरले, त्याचे नाव ‘ब्लू बर्ड’. निळा तारा, रानगुलाब, निळा पक्षी! शब्दकोशातील कोमल ते सारे या देशातील दुबळ्यांच्या वाट्याला असे आले.

नावाचे आणखी दोन प्रकार अलीकडच्या काळात दिसले. २००९ साली मध्य भारतातील आदिवासी पट्ट्यात निमलष्करी दलांची मोठी मोहीम सुरू झाली आणि देशभर ‘ऑपरेशन ग्रीन हंट’ हे नाव गाजू लागले. सरकारने मात्र सांगितले की अशी कोणतीही मोहीम अस्तित्वात नाही, हे नाव वर्तमानपत्रांची निर्मिती आहे. माणसे मरत होती, पण ज्या मोहिमेत मरत होती तिला पालकच नव्हता. त्याच्या आधी २००५ पासून छत्तीसगडमध्ये ‘सलवा जुडूम’ होते. आदिवासींच्याच गोंडी बोलीतला शब्द घेऊन आदिवासींच्याच हाती बंदुका देण्यात आल्या, आणि हे जनतेचे उत्स्फूर्त आंदोलन आहे असे सांगण्यात आले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. दुसरा प्रकार याच्या नेमका उलट. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी २६ निरपराध माणसांचा खून झाला आणि ७ मे रोजी भारताने पाकिस्तानातील तळांवर हल्ले केले. त्या कारवाईचे ‘सिंदूर’ हे नाव बोधचिन्हासह लगेच जाहीर झाले. दहशतवादाविरुद्ध राष्ट्राने स्वतःचे रक्षण करावे, याविषयी वाद नाही. पण विधवांच्या दुःखाचे चिन्ह मोहिमेचे नाव बनले, फलकांवर झळकले, सभांतून गाजले, आणि हल्ला रोखण्यात सुरक्षा व्यवस्था कोठे कमी पडली हा प्रश्न विचारणाराच देशद्रोही ठरू लागला. पूर्वी नाव माहिती लपवीत असे. आता ते प्रश्न लपविते.

या ठिकाणी एक आक्षेप अपेक्षित आहे. चळवळींनी काय कमी सांकेतिक नावे वापरली? खरेच आहे. १९४२ साली एस. एम. जोशी मौलवीच्या वेशात ‘इमाम अली’ झाले होते. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस शिखाच्या वेशात फिरत होते. मराठवाड्याच्या लढ्यातही भूमिगतांना खरी नावे गुंडाळून ठेवावी लागली. परंतु येथे एक भेद आहे. निःशस्त्र माणूस नाव बदलतो तो पकडला जाऊ नये म्हणून. लढा संपला की तो आपले खरे नाव घेऊन जनतेसमोर उभा राहतो, मते मागतो, आत्मचरित्र लिहितो, टीका सोसतो. एस. एम. पुन्हा एस. एम. झाले. राज्यसंस्थेच्या हाती मात्र पोलीस आहे, न्यायालय आहे, तिजोरी आहे. तिला पकडले जाण्याचे भय नसते, उत्तर देण्याचे असते. शत्रूपासून काही काळ गुपित राखणे हा तिचा अधिकार आहे. स्वतःच्या नागरिकांपासून कायमचे गुपित राखणे हा अधिकार तिला घटनेने दिलेला नाही.

‘पोलो’च्या बाबतीत हेच घडले. फौजांची कारवाई पाच दिवसांत आटोपली, पण त्या दिवसांत आणि नंतरच्या आठवड्यांत संस्थानात जे घडले त्याच्या वार्ता दिल्लीपर्यंत गेल्या. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठविले. १९४८ च्या नोव्हेंबरअखेरीस आणि डिसेंबरात ते सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत हिंडले, शेकडो माणसांशी बोलले. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मिळून २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. तेव्हाचे उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८ हजार; आणि औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार. मारले गेलेले बहुसंख्य मुसलमान होते, आणि त्यांतील पुष्कळांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. काही ठिकाणी सैनिकांचाही लुटीत आणि हत्येत हात होता असे समितीने नोंदविले. अनेक अधिकाऱ्यांच्या शिस्तीची आणि निःपक्षपातीपणाची तिने प्रशंसाही केली. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. तो प्रसिद्ध झाला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहता येऊ लागला तो २०१३ च्या सुमारास. तोपर्यंत पासष्ट वर्षे लोटली होती.

या आकड्यांनी रझाकारांचे पाप कमी होत नाही. रझाकारांनी जाळलेली गावे, लुटलेली घरे, बेअब्रू केलेल्या स्त्रिया आणि हद्दीपलीकडे पळालेली कुटुंबे हा मराठवाड्याचा जिवंत अनुभव आहे. त्याविरुद्ध हिंदूंसमवेत मुसलमानही उभे राहिले होते. संपादक शोएबुल्ला खान यांचा २२ ऑगस्ट १९४८ रोजी रझाकारांनी खून केला तो त्यांच्या लेखणीसाठी. परंतु जुलमी सत्तेविरुद्धचा लढा न्याय्य असला म्हणजे नंतर झालेली निरपराधांची हत्याही न्याय्य ठरते, असे समाजवादी म्हणू शकत नाही. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि ती कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगावी अशी आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना वाचविले, त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. मागावर शेजारी बसणाऱ्या हातांनी जे ओळखले, ते धर्माच्या नावाने भडकलेल्या डोक्यांना ओळखता आले नाही. हा अहवाल वेळेवर प्रसिद्ध झाला असता, तर मराठवाड्याला आपल्या पापाची कबुली देता आली असती आणि आपल्या या पुण्याईचा अभिमानही बाळगता आला असता. गुप्ततेने दोन्ही हिरावून घेतले. मागे उरल्या अफवा. अफवांचे पीक कोण कापतो हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आज त्याच १७ सप्टेंबरला नावांची नवी स्पर्धा लागली आहे. महाराष्ट्रात तो मुक्तिसंग्राम दिन, कर्नाटकात कल्याण कर्नाटकाचा उत्सव. केंद्र सरकार २०२२ पासून त्याला हैदराबाद मुक्ती दिन म्हणते. तेलंगणात एका सरकारने त्याच वर्षी त्याला एकात्मता दिन म्हटले, आणि दुसऱ्याने २०२४ साली प्रजापालनाचा दिन. दिवस एक, नावे चार-पाच, आणि प्रत्येक नावामागे एका पक्षाची मतांची बेरीज. मृतांची यादी करावी असे मात्र यांपैकी एकाही मंचावरून कोणी म्हणत नाही.

मग मागणी काय करायची? गुप्तचर खात्यांना टाळे ठोका, असे कोणी म्हणत नाही. मागणी साधी आणि व्यवहार्य आहे. भारताचे गुप्तचर विभाग आणि १९६८ साली स्थापन झालेली ‘रॉ’ या संस्थांना संसदेने केलेल्या कायद्याचा पाया नाही. १९७५ नंतर अमेरिकेत सिनेटर फ्रँक चर्च यांच्या चौकशीतून कायमच्या देखरेख समित्या उभ्या राहिल्या. ब्रिटनने १९९४ साली कायदा करून तशी समिती नेमली. आपल्या लोकसभेत २०११ साली असे एक खाजगी विधेयक आले, पण ते मंजूर झाले नाही. असा कायदा झाला पाहिजे. माहिती अधिकार कायद्याचे २४ वे कलम गुप्तचर संस्थांना सूट देते, पण मानवी हक्कांचे उल्लंघन आणि भ्रष्टाचार यांच्या आरोपांना त्या सुटीतून वगळते. हा अपवाद कागदावर राहू नये. २०२१ साली संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केले की मोहिमांचे कागद सामान्यतः २५ वर्षांत खुले व्हावेत. मग १९४८ चे, १९७१ चे, १९८४ चे आणि १९८७ चे कागद कोणत्या कपाटात आहेत? प्रत्येक मोहिमेचे सांकेतिक नाव, तिचा काळ, तिचा प्रदेश, तिची आज्ञा देणारा अधिकारी आणि तिच्यात मेलेल्यांची संख्या, एवढी पाच रकान्यांची यादी पंचवीस वर्षांनी संसदेच्या पटलावर ठेवण्याने कोणत्या शत्रूचा लाभ होणार आहे?

शिरूर कासारच्या तरुण कार्यकर्त्याला हे सारे दिल्लीचे वाटू नये. सत्तेने दिलेल्या नावांखाली माणूस कसा गडप होतो, हे त्याला रोज दिसते. दिवाळीच्या सुमारास या भागातून गाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ असतात, आणि एकट्याची नोंद ‘अर्धा कोयता’ म्हणून होते. आगाऊ दिलेल्या कर्जाला ‘उचल’ असा हलका शब्द आहे, जणू कोणी ती मौजेने उचलली. कोयत्याला ताप येत नाही, कोयत्याला बाळंतपण नसते, कोयत्याची मुले शाळेबाहेर राहत नाहीत. अवजाराचे नाव दिले की माणसाची जबाबदारी संपते. ‘पोलो’ म्हटले की गाव दिसत नाही आणि ‘कोयता’ म्हटले की बाई दिसत नाही. दोन्हींतील युक्ती एकच आहे. मुकादमाच्या वहीत स्त्रीचे स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र मजुरी मागणारा कार्यकर्ता, आणि मोहिमांच्या कागदांत मेलेल्यांची नावे मागणारा नागरिक, हे एकाच लढ्यातले सैनिक होत.

येत्या १७ सप्टेंबरला झेंडा लावावा, हुतात्म्यांना अभिवादन करावे. आणि त्यानंतर प्रत्येक शाखेने एक काम करावे. १९४७-४८ ची आठवण आईवडिलांकडून ऐकलेली माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन बसावे. कोण रझाकारांच्या हातून गेला, कोण ‘ॲक्शन’नंतर गेला, कोणाला कोणी घरात लपवून वाचविले, हे हिंदू-मुसलमान असा भेद न करता नावानिशी लिहून घ्यावे. सरकार यादी देईल तेव्हा देईल. आपल्या गावाला एकाच नावाच्या गावांतून वेगळे ओळखू यावे म्हणून ज्या लोकांनी ‘शिरूर’पुढे ‘कासार’ लिहिले, त्यांना आपल्या मेलेल्या माणसांची नावे वेगवेगळी लिहिणे अवघड जाऊ नये.